विमानाचे दोन तास, टोळांचे आठ दिवस



पूर्व आफ्रिकेत उत्तरेला इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा आणि दक्षिणेला केनियाची राजधानी नैरोबी आहे. या दोन शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,१६० किलोमीटर भरते. प्रवासी विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. नुसता भागाकार केला तर दीड तासही लागू नये. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, म्हणून दोन तास धरावे लागतात. सडकेने मात्र सीमेवरच्या मोयाले गावावरून दीड हजाराहून अधिक किलोमीटर पडतात.

या अंतराशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे, कारण त्या आकाशातून टोळही उडतात.

वाळवंटी टोळांचा थवा उन्हे तापली की उठतो, वाऱ्याबरोबर उडतो आणि सांजेला झाडाझुडपांवर बसतो. अनुकूल वाऱ्यात तो दिवसाकाठी १५० किलोमीटरपर्यंत मजल मारतो. टोळ काही राजधानी ते राजधानी सरळ जात नाहीत. पण हिशेबापुरते धरले तर विमानाच्या दोन तासांच्या वाटेला त्यांना आठ दिवस लागतात.

हा हिशेब कागदावरचा नाही. २०१९ च्या अखेरीस इथिओपियात ऐन सुगीत टोळधाड आली. तेफ हे तिथले मुख्य धान्य. त्याचीही नासाडी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये इथिओपिया आणि सोमालियाकडून थवे केनियात उतरले. केनियाने त्याआधीच्या सत्तर वर्षांत असे संकट पाहिले नव्हते. एक चौरस किलोमीटरचा थवा एका दिवसात सुमारे ३५,००० माणसांचे अन्न फस्त करतो. मग हाताशी आलेल्या पिकाचे काय होणार?

टोळांना सीमा नसते. म्हणूनच १९६२ साली अदिस अबाबात करार करून पूर्व आफ्रिकेतील देशांनी टोळ नियंत्रणासाठी संयुक्त संघटना उभारली. इकडचा थवा तिकडे पोचण्याआधी निरोप पोचला पाहिजे, फवारणीची विमाने पोचली पाहिजेत. दोन तास आणि आठ दिवस यांतला जो फरक, तीच शेतकऱ्याची सवड. ती वाया गेली की मग फक्त डबे वाजवणे उरते.

आपल्यालाही हे नवे नाही. मे २०२० मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून टोळ अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत आले होते. तेव्हा हे ध्यानात ठेवा. डबे वाजवून, धूर करून थवा उठतो खरा, पण मरत नाही. तो शेजाऱ्याच्या शिवारात उतरतो. खरे काम रात्री आणि पहाटे, तो बसलेला असताना होते. म्हणून थवा सांजेला कुठे बसला, किती मोठा आहे आणि कोणत्या दिशेने आला, हे त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीला व तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा. ओलसर रेताड जमिनीत मादी अंडी घालते. बिनपंखी पिल्ले दिसली तर तेही सांगा. पंख फुटण्याआधी त्यांचा बंदोबस्त सोपा असतो.

टोळ वाऱ्याच्या वेगाने येतो. आपला निरोप त्याच्या आधी पुढच्या गावात पोचला, तर तिथले पीक वाचेल. आणि मागच्या गावाने तेच केले, तर आपले.