फटक्याआधीची जागा

१९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस उभं केलं. कोन ठरवायला एक खुंटी, फटक्याला एक बटण. खेळाडू मात्र पडद्यावर नव्हताच, त्यामुळे उभं कुठे राहायचं हा प्रश्नही नव्हता. १९७२ मध्ये ॲल अल्कॉर्न यांनी अटारीसाठी 'पाँग' घडवलं आणि सगळं उलटलं. फटक्याचं बटण गेलं, उरली वरखाली सरकणारी फळी. चेंडू फळीच्या मध्यावर लागला तर सरळ परतायचा, कडेला लागला तर तिरका. उभं राहण्याची जागा हाच तिथला फटका. पुढच्या टेनिस गेमांत बटणं वाढत गेली, पण जिंकण्याचं गमक 'पाँग'पासून फारसं हललेलं नाही असं माझं मत आहे, आणि ते तपासायला २०११ साली आलेला 'टॉप स्पिन ४' फार उपयोगी आहे.

या गेमात फ्लॅट, टॉपस्पिन, स्लाइस आणि लॉब अशी चार बटणं आहेत. हलकं दाबलं तर अचूक फटका, दाबून धरून वेळेवर सोडलं तर जोरदार. बटण लवकर सुटलं की उशिरा, हे पडद्यावर लगेच उमटतं. त्यामुळे नवखा माणूस सगळं लक्ष त्या वेळेवरच लावतो आणि तिथेच घोडं पेंड खातं. कारण डाव्या अंगठ्याखालच्या स्टिकवर दोन कामं असतात: आधी धावणं आणि बटण दाबल्यावर नेम धरणं. चेंडूपर्यंत पोचायलाच उशीर झाला, तर नेमासाठी क्षणही उरत नाही. मग फटका कोर्टाच्या मध्यात पडतो आणि प्रतिस्पर्धी हवा तो कोपरा निवडतो. वेळ चुकली असं वाटतं खरं, पण बहुतेकदा चूक आधीच्या फटक्यानंतर परतताना झालेली असते.

परतायचं कुठे? 'बेसलाइनच्या मधोमध' हे सोपं उत्तर अपुरं आहे. योग्य जागा प्रतिस्पर्ध्याला मारता येतील अशा दोन टोकांच्या फटक्यांच्या मधोमध असते आणि ती चेंडूबरोबर सरकते. समजा, तुम्ही आपल्या उजव्या कोपऱ्यातून क्रॉसकोर्ट मारला. चेंडू पलीकडे तुमच्या डाव्या हाताला गेला. तिथून प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत तिरका फटका तुमच्या उजवीकडेच येणार, म्हणून मध्यखुणेच्या थोडं उजवीकडे थांबलं की पुरतं. तोच चेंडू सरळ रेषेत मारलात तर मध्यखूण ओलांडून डावीकडे धावावं लागतं. शिवाय एकेरीचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असल्यामुळे कर्णाची लांबी २५ मीटरच्या थोडी वर जाते, आणि जाळी मध्यावर ०.९१ मीटर तर कडेला १.०७ मीटर उंच असते. म्हणजे क्रॉसकोर्टला जागा जास्त, जाळी कमी, परतीची धावही छोटी. सरळ फटका हा खर्चिक माल आहे. समोरच्याचा तोल गेल्यावरच तो घ्यावा.

कोणी म्हणेल, तगडी सर्व्हिस असलेला खेळाडू निवडला की हे गणित हवंच कशाला? सर्व्हिसने गुण मिळतात हे मान्य, पण बाहेरच्या कडेला टाकलेली सर्व्हिससुद्धा समोरच्याला कोर्टाबाहेर ओढूनच उपयोगी पडते, म्हणजे तीही जागेचीच लढाई. त्यातून 'टॉप स्पिन ४' मध्ये खेळाडू थकतो. जो प्रत्येक चेंडूसाठी मैदानभर धावतो, त्याची ताकद लांबलेल्या सामन्यात आटते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: खालच्या पातळीवरचा संगणक एकाच युक्तीला पुन्हापुन्हा फसतो, मग डावपेच शिकायचेच कशाला? फसतो खरा, पण पातळी वाढली किंवा समोर माणूस आला, की ती युक्ती फार काळ पुरत नाही. सेगाच्या 'व्हर्च्युआ टेनिस'ची प्रकृती बरीच मोकळीढाकळी, तरीही तिथे लवकर जागेवर पोचणाऱ्याचा फटका भक्कम बसतो आणि उशीर करणाऱ्याचा खेळाडू जमिनीवर सूर मारतो.

जाळीजवळ मात्र हिशेब फिरतो. तिथे चेंडू ज्या बाजूला गेला त्याच बाजूला सरकायचं, कारण आता सरळ फटका आधी अंगावर येतो आणि तिरक्याला जागा कमी उरते. पुढे धावायचं ते खोल पडलेल्या चेंडूमागून. आखूड चेंडू टाकून पुढे गेलात, तर समोरच्याकडे पासिंग शॉट आणि लॉब दोन्हींसाठी वेळ असतो, आणि त्या क्षणी बटण कितीही अचूक सुटलं तरी उपयोग नसतो.