कोयता निघण्याआधी शिकवायचं

गैरसमज : शाळेत शरीराबद्दल शिकवलं की पोरं बिघडतात.

याच भीतीपोटी 2007 मध्ये आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यातल्या शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. र. धों. कर्व्यांनी याच विषयावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं ते 1927 मध्ये, म्हणजे त्याच्या ऐंशी वर्षं आधी. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांचा आढावा आहे. असं शिक्षण मिळाल्यानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, हे त्यात कुठंही दिसलेलं नाही. शाळा गप्प बसली तरी मोबाइल गप्प बसत नाही.

गैरसमज : पाळी आली, पोरगी लग्नाची झाली.

पोहरादेवी आणि मानोरा तालुक्याच्या परिसरात हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. पाळी येणं ही वयात येण्याची सुरुवात आहे. त्यानंतरही काही वर्षं हाडं आणि कंबरेचा सांगाडा वाढत असतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी मागंपुढंही होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. या वयातलं बाळंतपण आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जिवावर येऊ शकतं.

पण लग्नाची घाई केवळ अज्ञानातून येत नाही. या भागातल्या तांड्यांवरून कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराचा अर्धाच कोयता. शिवाय वयात आलेली पोरगी तांड्यावर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा याडीचा (आईचा) प्रश्नही खोटा नाही. तिला नुसतं कायद्याचं भय घालून भागणार नाही. हंगामी वसतिगृह किंवा आश्रमशाळेत पोरगी सुरक्षित राहील याची खात्री द्यावी लागेल.

तरी कायदा माहीत हवाच. मुलीचं वय 18, मुलाचं 21. 2006 च्या कायद्यानं बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलीला स्वतःलाही 1098 वर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. आठवीतल्या प्रत्येक मुलीला हा नंबर तोंडपाठ हवा असं मला वाटतं, आणि तिच्या वर्गातल्या मुलांनाही.

गैरसमज : पाळीत विटाळ असतो, अंघोळ करू नये.

गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि गर्भ राहिला नाही तर रक्तासोबत बाहेर पडतं. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत पाळी असताना जगदंबेच्या दर्शनाला जायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. स्वच्छतेला मात्र सुट्टी नाही. कपडा वापरला तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवायचा. लाजेखातर तो दुसऱ्या कपड्याखाली दडवला की ओलाच राहतो, आणि जंतुसंसर्ग होतो तो त्यातून.

गैरसमज : शाळेतली निळी गोळी मूल होऊ नये म्हणून असते.

ती लोहाची आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची. राज्यात 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. ही गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मुली ती गुपचूप फेकतात. म्हणून जेवणानंतर द्यावी, त्याच वेळी चहा घेऊ नये, आणि शौचाला काळं होईल, त्यात काही वावगं नाही, हे आधीच सांगावं.

गैरसमज : झोपेत वीर्य गेलं की मुलाची ताकद जाते.

काहीही जात नाही. वयात येताना हे होतंच. भिंतीवरच्या जाहिरातींतले ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ याच भीतीवर पैसे कमावतात.

गैरसमज : हे काम आरोग्य खात्याचं, शाळेचं नाही.

10 ते 19 वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे. पण मुलं रोज भेटतात ती शिक्षकांना, आणि तीही वर्षभर नाहीत. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि वर्ग निम्मे रिकामे होतात. हा विषय दुसऱ्या सत्रात ठेवला, तर ज्यांना तो सगळ्यात जास्त लागणार, नेमकी तीच मुलं उसाच्या फडात असतील. त्याचे तास जुलै-ऑगस्टमध्येच लावावेत, आणि फडावर निघालेल्या मुलीसोबत हंगामभराच्या निळ्या गोळ्या द्याव्यात.