रुपयापासून खोतीपर्यंत

सिमरोलहून महूचा रस्ता धरला की बाबासाहेबांचं जन्मगाव काही लांब नाही. सिमरोलला आता आयआयटी आहे. तिथल्या चार मराठी पोरांना मी दर चौदा एप्रिलला महूला नेतो. स्मारकाबाहेर पथाऱ्यांवर तसबिरी, निळे झेंडे, संविधानाच्या प्रती. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी खंडांपैकी सहावा आणि दहावा आहे का, असं मी प्रत्येक पथारीवर विचारतो. यंदाही रिकाम्या हातानं परतलो. सहाव्यात अर्थशास्त्रज्ञ आहे, दहाव्यात मजूरमंत्री. हा एकच माणूस आहे, हे मी 30 वर्षं सांगत आलोय.

कोलंबिया, लंडन, पदव्या सगळ्यांना पाठ आहेत. मी थांबतो 1923च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’पाशी. प्रस्तावना त्यांचे लंडनचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, तीही मतभेद नोंदवून लिहिलेली. केन्ससारख्याने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणावर तिशीतल्या या विद्यार्थ्याने थेट हल्ला चढवला. रुपयाचा भाव उतरला की निर्यातदार खूश होतो. पण महागाई पुढे धावते, मजुरी मागे राहते, आणि मालकाचा नफा मजुराच्या ताटातून निघतो. 1925 साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांच्यामागे हाच अभ्यास उभा होता.

रिझर्व्ह बँक याच ग्रंथातून जन्मली, असं काही मंडळी छातीठोकपणे लिहितात. मला त्यात तसा आराखडा सापडलेला नाही, आणि ग्रंथ त्यावाचूनही मोठाच आहे. माझं खरं भांडण दुसऱ्यांशी आहे. त्यांच्या मते राजकारणात पडल्यावर बाबासाहेबांचं अर्थशास्त्र सुटलं. त्यांनी कोकणात यावं.

भाताची रास खळ्यावर पडली की खोताचा वाटा आधी मोजला जाई. सरकारचा सारा भरून उरेल ते त्याचं. कुळाला वर वेठही चुकत नसे. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी 1933पासून जमिनी कसणंच थांबवलं होतं. 1936 साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताच्या निवडणुकीत 17 जण उभे करून 14 निवडून आणले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं: खोताला भरपाई द्या, जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. जानेवारी 1938मध्ये हजारो कुळं मुंबईत मोर्चाने आली. विधेयक काही पास झालं नाही. पण मजुराच्या ताटाचा जो हिशेब लंडनमध्ये कागदावर झाला, तोच इथे सभागृहात उभा राहिला. उमेदवारीचा अर्थशास्त्राशी इतका थेट संबंध मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातली 1942 ते 1946 ही वर्षं भराभर सांगतो: धनबादला स्वतः कोळशाच्या खाणीत उतरणं, कारखान्यांत आठवड्याला 48 तासांची मर्यादा, दामोदर खोऱ्याची योजना.

कायदामंत्रिपदाचा सप्टेंबर 1951चा राजीनामा मात्र नीट वाचावा. सगळे हिंदू कोड बिलाचं बोलतात. राजीनाम्याच्या निवेदनात ते हेही सांगतात की आपण मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी, नियोजनाचं खातं मिळेल अशी आशा होती, आणि आर्थिक व्यवहार समितीतूनही आपल्याला आधी वगळलं गेलं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. नव्या देशाने आपला सर्वांत तयार अर्थशास्त्रज्ञ कायद्याच्या टेबलाशी बसवून ठेवला.

पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवलं. 1954मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही गेली. त्याच पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. चिंतामणराव थोरच, पण त्यांच्यामागे पक्ष होता.

आज उमेदवार खात्यावर पैसे टाकण्याचा आकडा सांगतो. ते कुणाच्या खिशातून येणार, हे सभेत कुणी विचारत नाही. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळांतही एकेकाळी बजेटवर व्याख्यान ठेवलं की सतरंज्या कमी पडायच्या. आता वक्ता मिळतो, श्रोता मिळत नाही.

यंदा परतताना सिमरोलच्या एका पोराने विचारलं, “काका, हिल्टन यंगची साक्ष कुठे वाचायला मिळेल?” घरी आणून त्याला माझा सहावा खंड दिला. त्याचा कणा मी दोनदा शिवून घेतलाय. साक्षीच्या पानांत माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. त्या पुसू नकोस, शेजारी तुझ्या कर, असं सांगितलं.