गिटारची ओळख – ९ : पाऊण इंचाचा फरक

मागच्या भागात तारांची जाडी पाहिली. तेव्हा एक प्रश्न बाजूला ठेवला होता. तोच दहाचा सेट एका गिटारवर कडक लागतो आणि दुसरीवर मऊ, असं का? याला कारण स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत मोकळ्या तारेचा जो भाग कंप पावतो त्याची लांबी. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर ती २५.५ इंच असते, गिब्सनच्या लेस पॉलवर २४.७५. (गिब्सनचा आकडा कागदावरचा. मोजायला गेलात तर थोडी कमीच भरते.)

फरक पाऊण इंचाचा, पण हाताला कळतो. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली तारांचे नियम मांडले. त्यांवरून निघतं ते असं : तार तीच आणि स्वर तोच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे स्ट्रॅटवर ताण सुमारे ६ टक्के जास्त. बेंड करताना बोट हे आधी ओळखतं. मिरजेत तंबोरे बनतात तेही याच गणिताने : खालच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांचा तंबोरा लांब, बायकांचा आखूड.

आता आवाज. लांब स्केलवर खालचे स्वर स्वच्छ आणि आखूडवर आवाज गोलसर, असं दुकानात हमखास सांगतात. यात तथ्य आहे, पण ते मुख्यतः जाड तारांबाबत. जाड तार आखूड आणि सैल असली की ती तारेपेक्षा सळईसारखी वागू लागते. तिचे वरचे उपस्वर जागेवरून चढे सरकतात आणि स्वर गढूळ होतो. म्हणून बॅरिटोन गिटार २७ इंच किंवा त्याहून लांब असते, आणि १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसला ३४ इंच दिले. लेस पॉल आणि स्ट्रॅट यांच्या आवाजातल्या फरकाचं श्रेय मात्र मी स्केलला फारसं देणार नाही. तिथे पिकअपचा हात मोठा आहे.

ट्यूनिंगचं दुखणं वेगळं. सैल तार जोरात दाबली की स्वर चढतो. आखूड स्केलच्या गिटारवर पातळ तारा लावून वर अर्धा स्वर उतरवला, तर कॉर्ड बेसूर वाटतात आणि दोष विनाकारण ट्यूनरला लागतो. स्टीव्ही रे व्हॉन स्ट्रॅट अर्धा स्वर उतरवून वाजवत असे, पण त्याची पहिली तार तेराची असे. त्याची बोटं आपल्याकडे नाहीत, तेव्हा तेवढं अनुकरण नको.

तारा निवडताना एवढं ध्यानात असू द्या : नऊची पहिली तार काढून दहाची लावली की ताण सुमारे २३ टक्के वाढतो. स्केलच्या ६ टक्क्यांपुढे हा आकडा बराच मोठा आहे. म्हणून गिटार हाताला जमत नसेल तर ती विकायला काढण्याआधी सेट बदलून बघा. जाड सेट लावताना नटच्या खाचा अरुंद पडत नाहीत ना, हे कारागिराकडून पाहून घ्या. आणि स्केल मोजायची असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा. ब्रिजपर्यंत मोजू नका, कारण तिथली सॅडल प्रत्येक तारेसाठी थोडी मागे-पुढे असते. ती तशी का, ते पुढच्या भागात.