पालक-छोले : चवीइतकेच लोहाचेही

हिवाळ्यात कोवळा पालक बाजारात आला की उत्तर भारतातील स्वयंपाकघरांत तो छोल्यांच्या जोडीला येतो. हा पदार्थ रुचकर आहेच, शिवाय लोहयुक्तही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, हे पाहता ही बाब मोलाची ठरते. मात्र वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. म्हणूनच कृतीतील बारकावे महत्त्वाचे.

चौघांसाठी वाटीभर काबुली चणे रात्रभर भिजवावेत. पाणी बदलून, मीठ घालून ते कुकरमध्ये मऊ शिजवावेत. आंबटपणामुळे चणे लवकर शिजत नाहीत, म्हणून टोमॅटो आधी घालू नये. तेलात जिरे, कांदा व आले-लसूण परतून टोमॅटो, तिखट आणि धनेपूड घालावी. तेल सुटल्यावर चणे घालून दहा मिनिटे उकळावेत. शेवटी जुडीभर चिरलेला पालक घालून चार-पाच मिनिटे झाकण न ठेवता शिजवावा. त्याचा हिरवा रंग टिकतो.

गॅस बंद केल्यावरच लिंबू पिळावे. त्यातील 'क' जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते, पण उष्णतेने ते नष्ट होते. छोल्यांना गडद रंग यावा म्हणून चहापत्तीची पुरचुंडी टाकण्याची रीत आहे. येथे ती टाळावी, कारण चहातील टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते. जेवणानंतरचा चहाही याच कारणास्तव तासाभराने घ्यावा. रक्तक्षयावरील उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावेत. त्यांना रोजच्या ताटाची साथ मात्र घरीच मिळू शकते.