वऱ्हाडचे ऊन आणि केसाहून पातळ थर

मराठीच्या प्राध्यापकाने सौरघटांवर लिहावे हा अव्यापारेषु व्यापार आहे, हे मला मान्य आहे. पण या व्यापारात मला ओढले ते मूर्तिजापूरजवळच्या माझ्या चुलतभावाने. दोन वर्षांपूर्वी त्याच्या विहिरीवर सौरपंप बसला. त्याआधी शेतीची वीज पाळीपाळीने, पुष्कळदा रात्रीच यायची. ओलितासाठी तो बॅटरी घेऊन अंधारात वावरात जायचा आणि सापाच्या धास्तीने वहिनी घरी जागी राहायची. पंप आला आणि घरात झोप आली. यंदा उन्हाळ्यात मी गेलो, तेव्हा मात्र त्याने मला गाठून विचारले, "प्रोफेसर, ऊन वाढलं तं पानी वाढाले पाहिजे ना? मंग मे महिन्यात पंप काहून दमते?"

अलंकार आणि वृत्ते शिकवणाऱ्याजवळ याचे उत्तर कुठून असणार! अमरावतीला परतल्यावर मी ते आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकमित्रापुढे टाकले. तो म्हणाला, "यात चोर तीन. विहिरीचे पाणी खाली गेले, हा पहिला. काचेवर धूळ बसली, हा दुसरा. आणि तिसरा चोर म्हणजे खुद्द तुमचे ऊन!"

घटाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची शक्ती मोजतात ती २५ अंशांवर. त्यापुढे दर अंशाला साधा सिलिकॉनचा घट सुमारे ०.४ टक्के शक्ती गमावतो. अकोल्याला मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. उन्हात तापलेला घट ६५ अंश सहज गाठतो. म्हणजे सोळा टक्के गेले, रुपयातले अडीच आणे! कॅडमियम टेल्युराइडच्या पातळ थराचा घट हीच हानी दर अंशाला ०.३ टक्क्यांच्या आसपास राखतो. शिवाय सिलिकॉनची चकती जाडीने दोन केसांएवढी, तर हा थर अवघ्या काही मायक्रॉनांचा. माल थोडा लागतो.

हा थर चढतो तरी कसा, हे पाहायला मी प्रयोगशाळेत गेलो. मोठी यंत्रे असतील अशी माझी कल्पना. दिसले ते एक काचेचे पात्र, कोमट द्रावण आणि त्यात उभी केलेली काचपट्टी. कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया. थोड्या वेळाने पट्टी हळदीसारखी पिवळी झाली. हा कॅडमियम सल्फाइडचा थर केसाच्या हजाराव्या भागाइतकाही पातळ ठेवता येतो. कॅडमियम विषारी, म्हणून उरलेले द्रावण मोरीत ओतायचे नाही, असा विद्यार्थ्यांना सक्त दंडक. दुसरी रीत तर थेट रंगाऱ्याचीच: पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची.

असल्या साध्या रीतींना हसू नये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले सी. डी. लोखंडे आणि आर. एस. माने यांनी रासायनिक थरांचा जो आढावा २००० साली प्रसिद्ध केला, तो देशोदेशीच्या संशोधकांनी हाताशी ठेवला. मुंबईच्या आय. आय. टी.त २०१० साली केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या पैशाने सौरघटांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. तिथे दिनेश काब्रा आणि त्यांचे सहकारी सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा पातळ थर बसवून जोडघट करतात. दोघे मिळून सिलिकॉन एकट्याने देईल त्याहून अधिक वीज देतात.

पेरोव्स्काइटची कथा मोठी नवलाची. २००९ साली जपानात मियासाका यांच्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. पंधरा वर्षांत जगातल्या प्रयोगशाळांनी ती २६ टक्क्यांच्या पुढे नेली. पण हे गुणी बाळ नाजूक. त्याला उष्णता सोसत नाही आणि दमट हवा तर मुळीच नाही. आमच्याकडे तर मे तापवतो आणि जुलै भिजवतो! मुंबईच्या त्याच केंद्राने देशभर फिरून वापरातली सौरपटले तपासली, तेव्हाही उष्ण प्रदेशातली पटले लवकर क्षीण होतात असेच आढळले.

माझे म्हणणे एवढेच की, थर कुठेही घडो, त्याची परीक्षा वऱ्हाडात व्हावी. सरकारचा पैसा नव्या पदार्थाच्या शोधाला मिळतो, ते योग्यच. पण जिल्ह्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला त्याची पट्टी वर्षभर उन्हापावसात ठेवून रोज मोजता येईल, एवढी तरतूदही त्यातून व्हावी. माझ्या मित्राच्या विद्यार्थ्याने सहा पट्ट्या गच्चीवर ठेवल्या होत्या. पहिल्याच पावसात चार विटल्या. तो हिरमुसला, मित्र मात्र म्हणाला, "अरे, उरलेल्या दोन का टिकल्या ते शोध. तोच तुझा प्रबंध!"

दसऱ्याला मी हे सारे भावाला सांगितले. अडीच आण्यांचा हिशेब त्याला लगेच पटला. थोडा वेळ सुपारी कातरत तो गप्प बसला, मग म्हणाला, "त्या पोराले म्हना, माह्या कोठ्याच्या टिनांवर ठेव म्हनावं त्या काचा. तिथं जे टिकन, ते कुठंबी टिकन."