एकाने कूस बदलली की दुसरा जागा

दुकानात ‘बोनेल स्प्रिंग’ म्हणून मिळणारी गादी ही ओपन स्प्रिंगची गादी. हिच्यातली प्रत्येक स्प्रिंग डमरूसारखी असते. वर-खाली रुंद, मधे बारीक. हा आकार शोभेचा नाही. तार तीच ठेवून वेटोळ्याचा व्यास दुप्पट केला, तर त्याचा ताठपणा एक-अष्टमांशावर येतो. त्यामुळे आडवं होताच आधी रुंद वेटोळी दबतात आणि गादी मऊ लागते. भार वाढला की बारीक कंबर तो पेलते. एकाच तारेतून दोन स्वभाव काढणारी ही युक्ती मला फार आवडते.

घोळ पुढे आहे. या सगळ्या स्प्रिंगा वळणदार तारेने एकमेकींत गुंफलेल्या असतात. एक दबली की शेजारणीही ओढल्या जातात. नवरा रात्री पाण्याला उठला, की बायकोला हिसका बसलाच! पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, म्हणून हा त्रास कमी. पण किंमत जास्त.

ओपन स्प्रिंग स्वस्त, शिवाय आतून पोकळ. हवा खेळती राहते, घाम वाळतो. मुंबईच्या उकाड्यात हे थोडंथोडकं सुख नव्हे. मात्र कोकणपट्टीच्या दमट हवेत तार गंजू शकते, आणि जुनी झाली की कुरकुरते. एकट्याने झोपणाऱ्याला किंवा पाहुण्यांच्या खोलीला ही गादी उत्तम. घेताना तारेचा गेज विचारा: आकडा मोठा, तर तार बारीक.